पाऊल उंच, बूट ताठ

बुटाच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘नंबर किती?’ हा नंबर म्हणजे मुख्यतः पावलाची लांबी. पण पाऊल ही काही पट्टी नव्हे. घोट्याच्या पुढे पावलाचा जो उंचवटा असतो, तो कोणाचा सपाट, तर कोणाचा चांगलाच उंच असतो. चपलेत हा फरक खपून जातो. बर्फावरून घसरत जाण्यासाठी जे स्कीचे बूट घालतात, त्यांत मात्र तो खपत नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी या बुटांचा इतिहास पाहू या.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे बूट चामड्याचे आणि नाडीचे असत. चामडे म्हणजे तंतूंचे जाळे. ओलाव्याने आणि वापराने ते ताणले जाते व हळूहळू पावलाचा आकार घेते. उंच पावलाच्या माणसाने नाडी जरा सैल बांधली की काम भागे. पण या गुणातच दोष दडलेला होता. स्की वळवायची ती पायाच्या जोराने. बूट मऊ पडला की हा जोर स्कीपर्यंत पोचण्याआधी चामड्यातच जिरून जाई.

१९५५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील हेन्के कंपनीने नाडीऐवजी धातूची बकले आणली. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या बॉब लँग यांनी पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या कवचाचे बूट बाजारात आणले. कवच ताठ असल्यामुळे पाय जरा कलला की स्की वळू लागली. शर्यतपटूंनी हे बूट लवकरच आपलेसे केले. पण हिशेब उलटा झाला. चामड्याचा बूट पावलापुढे नमत असे. आता पावलानेच बुटापुढे नमायचे होते.

याचा सर्वांत जास्त त्रास उंच पावलांना झाला. पावलाच्या वरच्या बाजूला कातडीखाली मांस फारसे नसते. तिथूनच एक धमनी आणि एक चेता हाडांवरून बोटांकडे जातात. बकल आवळले की दोन्हींवर दाब येतो. बोटे बधिर होतात, गार पडतात. मग माणूस मोठा नंबर घेतो. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, म्हणून तो बकल आणखी आवळतो आणि दाब पुन्हा त्याच जागी येतो!

मापाची पद्धतही इथे मदतीला येत नाही. १९७३ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ‘मोंडोपॉइंट’ ही पद्धत ठरवली. तिच्यात पावलाची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. स्कीच्या बुटावर २६.५ लिहिलेले असेल, तर तो २६.५ सेंटिमीटर लांबीच्या पावलासाठी असतो. उंचवट्याला त्यात रकानाच नाही. नंबर खोटा नसतो, तो अपुरा असतो.

त्यामुळे पुढचा इतिहास म्हणजे हरवलेली लवचीकता हव्या त्या जागी परत आणण्याची धडपड होय. १९७० च्या आसपास पाय बुटात असतानाच अस्तरात फेस भरण्याची युक्ती निघाली. त्याच दशकात हॅन्सन कंपनीने मागून उघडणारा बूट काढला. त्यात उंच पाऊल सहज शिरे. १९८० च्या दशकात असे बूट खूप खपले, पण ते पावलाला पुरेसे धरून ठेवत नसत, म्हणून मागे पडले. आजची बरीच कवचे उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकची असतात. कारागीर ती तापवून नेमक्या जागी फुगवतो, किंवा अस्तराखालची फळी घासून पाऊल थोडे खाली बसवतो. २०२३ पासून काही कंपन्यांनी पुढच्या बकलांच्या जागी चकती फिरवून आवळायची तार बसवली आहे. तिचा दाब एका जागी न येता पसरतो.

वर्गात याचा एक सोपा प्रयोग करता येईल. एकाच नंबरचे बूट घालणारी पाच-सहा मुले निवडावीत. शिंप्याच्या फितीने प्रत्येकाच्या पावलाची लांबी, आणि उंचवट्यावरून तळव्याखाली जाणारा घेर मोजावा. दोन्ही मापांचा आलेख काढून मुलांना विचारावे : एका आकड्यात माणसाचे काय मावते आणि काय निसटते? हा प्रश्न बुटांपुरताच राहणार नाही. गुणपत्रिकेवरचा आकडाही मुले याच नजरेने पाहू लागतील, आणि तसे झाले तर ते बरेच होईल.