आर्क्टिक कोल्हा

सस्तन वर्गाच्या मांसाहारी गणातील श्वान कुलातला (कॅनिडी) एक लहान प्राणी. शास्त्रीय नाव व्हल्पिस लॅगोपस. उत्तर ध्रुवाभोवतीच्या वृक्षहीन टंड्रा प्रदेशात, म्हणजे अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, स्वालबार, सायबीरिया आणि स्कँडिनेव्हियाच्या डोंगराळ भागात तो आढळतो. हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरही हिंडतो. आइसलँडचा तर हा एकमेव मूळचा भूचर सस्तन प्राणी. वजन साधारणपणे ३ ते ५ किग्रॅ., शेपटी सुमारे ३० सेंमी. लांब. महाराष्ट्राच्या माळरानावरचे खोकड (व्हल्पिस बेंगालेन्सिस) याचे जवळचे नातलग, पण त्याचे कान मोठे व उभट असतात. आर्क्टिक कोल्ह्याचे कान, मुस्कट आणि पाय आखूड असल्याने उष्णता निसटायला जागाच कमी उरते.

उष्णता राखण्याचे मुख्य काम फर करते. हिवाळी फरचा सुमारे ७०% भाग बारीक, दाट अंतर्लोमांचा असतो व त्यांच्यात हवा अडकून राहते. शास्त्रज्ञ शोलँडर आणि सहकाऱ्यांनी अलास्कातील बॅरो येथे प्रयोग करून १९५० मध्ये दाखवले, की तापमान सुमारे −४०° से.पर्यंत उतरले तरी या प्राण्याला चयापचयाचा वेग वाढवावा लागत नाही. मात्र तोंडावर आणि पायांवर फर तोकडी असते. म्हणून झोपताना तो अंगाचे वेटोळे करतो, पाय पोटाखाली घेतो आणि झुपकेदार शेपटी नाकावर ओढतो. तळव्यांवर मात्र दाट केस असतात. पायांतील रोहिण्या व नीला एकमेकींना लागून असल्याने खाली जाणारे उबदार रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला उष्णता देते. तळव्याचे तापमान −१° से.च्या आसपास राहते. ऊती गोठत नाहीत आणि बर्फावर उष्णताही वाया जात नाही.

रंगाचे दोन प्रकार आहेत. पांढरा प्रकार उन्हाळ्यात तपकिरी-करडा होतो. तथाकथित निळा प्रकार बारा महिने गडद असतो. तो आइसलँडसारख्या किनारी प्रदेशात अधिक दिसतो.

त्याची खरी कसोटी मात्र थंडीपेक्षा उपासमार पाहते. मुख्य भक्ष्य लेमिंग हे उंदरासारखे लहान कृंतक. बर्फाखालची त्यांची चाहूल कानांनी टिपून तो उंच उडी घेतो आणि पुढच्या पायांनी व तोंडाने बर्फाचा थर फोडतो. लेमिंगांची संख्या दर ३ ते ५ वर्षांनी वाढते व कोसळते. सुकाळात एका मादीला दहाहून अधिक पिल्ले होतात; दुष्काळात अनेक माद्या वितच नाहीत. स्वालबारमध्ये लेमिंग नाहीत, तिथे समुद्रपक्षी, रेनडियरची प्रेते आणि ध्रुवीय अस्वलांनी टाकलेली सीलची शिकार यांवर भागते. उन्हाळ्यात तो हंसांची अंडी पुरून ठेवतो, शरदात अंगावर चरबी चढवतो. त्याच्या बिळांत पिढ्यानपिढ्या वस्ती होते. विष्ठा व उरलेसुरले भक्ष्य यांमुळे तिथली माती सुपीक बनते व उजाड टंड्रात हिरवा पट्टा उमटतो.

भटकण्याची ताकद विलक्षण आहे. नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेने उपग्रह-पट्टा बांधलेल्या एका तरुण मादीने २०१८ मध्ये स्वालबारहून ग्रीनलंडमार्गे कॅनडाचे एल्झमीर बेट गाठले: ७६ दिवसांत ३,५०६ किमी. त्यातल्या एका दिवशी, ग्रीनलंडच्या हिमस्तरावर, ती १५५ किमी. चालली.

जगभराचा विचार केला तर ही जाती धोक्यात नाही. स्कँडिनेव्हियात मात्र फरसाठी बेसुमार शिकार झाली. स्वीडनने १९२८ मध्ये आणि नॉर्वेने १९३० मध्ये संरक्षण दिले, तरी संख्या दशकानुदशके सावरली नाही. हवामान उबदार होत असताना अंगाने मोठा लाल कोल्हा उत्तरेकडे सरकतो, बिळे बळकावतो, प्रसंगी आर्क्टिक कोल्ह्याला मारतोही. नॉर्वेत आता बंदिवासात वाढवलेली पिल्ले डोंगरांत सोडतात. नॉर्वे व स्वीडनमध्ये रानात खाद्यपेट्या ठेवल्या जातात आणि निवडक भागांत लाल कोल्ह्यांची संख्या शिकारीने मर्यादित ठेवली जाते.