सुकामेव्याचे माप : कप, वाटी आणि ग्रॅम

नाताळ जवळ आला की घरोघरी केकसाठी सुकामेवा चिरण्याची व भिजत घालण्याची लगबग सुरू होते. अशा वेळी आईची किंवा आजीची जुनी वही बाहेर निघते. तीत कोठे 'दोन कप बेदाणे', कोठे 'एक पौंड सुकामेवा', तर कोठे 'पावशेर खजूर' असे लिहिलेले आढळते. दुकानात मात्र सारे ग्रॅममध्ये मिळते. लिहिणारी व्यक्ती हयात नसेल, तर तिचा कप केवढा होता हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून या मापांचा मेळ कसा घालावा, ते येथे देत आहोत.

कप हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे. अमेरिकन पाककृतींतील कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. त्यात मावणारे वजन साधारणतः असे :

बेदाणे, सैल भरलेले – १४५ ग्रॅम
बेदाणे, दाबून भरलेले – १६५ ग्रॅम
बिया काढून चिरलेला खजूर – १४५ ग्रॅम
सुके अंजीर – १५० ग्रॅम
अख्खे बदाम – १४५ ग्रॅम
बदामाचे पातळ काप – ९० ग्रॅम
काजू – १३५ ग्रॅम
चिरलेले अक्रोड – ११५ ग्रॅम

कप २५० मिलिलिटरचा असल्यास प्रत्येक आकड्यात सुमारे ४ टक्के मिळवावेत.

बदामाचे दोन आकडे पाहिले म्हणजे खरी अडचण ध्यानात येते. तेच बदाम, तोच कप; परंतु काप केल्यावर वजन ५५ ग्रॅमने घटते. त्यामुळे 'एक कप बदाम, काप करून' आणि 'एक कप बदामाचे काप' या दोन सूचना एक नव्हेत. पहिल्यात आधी मोजावे व मग चिरावे. दुसऱ्यात आधी चिरावे. वजनाचे तसे नाही. चिरल्याने वजन बदलत नाही. भिजवल्याने मात्र ते वाढते, म्हणून सुकामेवा नेहमी कोरडा असतानाच तोलावा. आम्ही एकदा भिजवलेले बेदाणे तोलून घातले, आणि केक मधोमध बसला.

जुन्या वजनांपैकी पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. एक पौंड बेदाणे सैल भरल्यास तीन कपांहून थोडे अधिक होतात. १९५६च्या वजनमापांच्या कायद्यात ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा धरला आहे. त्या हिशेबाने पावशेर २३३ ग्रॅमचा होतो. तथापि शेर हे वजन होते तसेच धान्याचे मापही होते, आणि गावोगावी ते वेगळे असे. म्हणून हा आकडा अंदाजाचाच समजावा.

वहीत 'वाटी' असेल आणि ती वाटी अद्याप घरात असेल, तर ती काट्यावर ठेवून पाण्याने काठोकाठ भरावी. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. वाटी १५० मिलिलिटरची निघाली, तर तीत सुमारे ९० ग्रॅम बेदाणे मावतील.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी आई किंवा आजी अजून स्वतः केक करतात, त्यांनी यंदा त्यांच्या शेजारी काटा घेऊन बसावे. त्यांनी नेहमीच्या हाताने वाटी भरावी, आपण ती तोलावी आणि वहीत त्या ओळीपुढे ग्रॅम लिहून ठेवावेत. वाट्या हरवतात, कप फुटतात. लिहिलेला आकडा पुढच्या पिढीच्या हाती राहतो.