डिझेलला स्पिरिट का पचेना

१९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ओटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं. ते इतकं बिनबोभाट चाललं, की फारच थोड्यांच्या ते लक्षात आलं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेलनं पुढं सांगितलं. असं काहीही पचवणारं इंजिन दारूच्या बाबतीत मात्र कमालीचं सोवळं निघालं.

या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, हवा तापते आणि तिच्यात फवारलेलं तेल आपसूक पेटतं. स्पिरिट, म्हणजेच इथेनॉल, काडी दाखवताच भडकतं खरं, पण काडीविना पेटायला त्याला सुमारे ३६५ अंश सेल्सिअस लागतात. डिझेलचं २५०च्या आतच भागतं. त्यात इथेनॉलची वाफ होताना तापलेली हवाच गार होते. बरं, डिझेलमध्ये थोडंसं मिसळावं, तर जरा पाणी शिरलं की बाटलीत दोन थर वेगळे दिसू लागतात. इंधनाच्या पंपाला वंगण मिळतं तेही डिझेलचंच. कोरड्या स्पिरिटवर तो झिजतो.

स्वीडननं मग मिश्रणाचा नादच सोडला. १९९०च्या सुमारास स्टॉकहोममध्ये स्कॅनियाच्या इथेनॉलबस धावू लागल्या. नेहमीचं डिझेल इंजिन हवा सोळा-अठरा पट दाबतं, यांचं पुढच्या काळातलं इंजिन २८ पट. टाकीत ‘ईडी९५’: ९५ टक्के इथेनॉल, उरलेल्यात पेट घ्यायला मदत करणारं रसायन, वंगण आणि गंजरोधक. डिझेल थेंबभरही नाही! मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते. मात्र लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून लिटरभर डिझेलच्या कामाला दीड लिटरहून जास्त इथेनॉल लागतं.

तीच बस ऑगस्ट २०१४मध्ये नागपुरात आली. पुढं ताफाही आला, पण २०१८मध्ये सेवा गुंडाळली गेली. ती अडली व्यवहारात, इंजिनात नव्हे.

आता पुन्हा मिश्रणाचाच घाट आहे. डिझेलमध्ये इथेनॉल जमलं नाही, आता १० टक्के आयसोब्युटेनॉल तपासतोय, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी २०२५मध्ये सांगितलं. तपासणी एआरएआयकडे, म्हणजे पुणेकर सकाळी जिच्या टेकडीवर फिरायला जातात त्याच वाहन-संशोधन संस्थेकडे. हेही अल्कोहोलच, पण चार कार्बनचं: डिझेलमध्ये मुकाट मिसळतं, पाण्याशी फारशी सलगी करत नाही. आपसूक पेटायला मात्र तेही कुचराई करतं, शिवाय त्याची वाफ २८ अंशांच्या आसपासच ठिणगी पकडते. त्यामुळे टाकी आणि पेट्रोलपंपावरची साठवण यांचे नियम नव्यानं तपासावे लागणार.