हरणांचं आवार

अमेरिकेच्या ईशान्येला, मेन आणि न्यू यॉर्कच्या जंगलांत, हिवाळा वाढला की पांढऱ्या शेपटीची हरणं सीडर-हेमलॉकच्या गर्द झाडीत गोळा होतात. वर पानांचं छप्पर, त्यामुळे खाली बर्फ कमी. खुरांनी मळलेल्या वाटा. तोंडाशी सीडरचा पाला. मान पोचेल तिथवर फांद्या ओरबाडलेल्या, त्यावर हिरव्यागार. शिकाऱ्याला एवढी खूण पुरे. या जागेला तिथे ‘डिअर यार्ड’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात हा आसराच सापळा ठरला. बर्फावर कडक पापुद्रा धरला की हरणाचे खूर आत रुतत. बर्फजोडे घातलेला शिकारी मात्र वरून सहज चाले. मांस शहरांच्या बाजारात जाई.

1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा शिकारीच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली. आता शिकारीच्या हंगामाच्या अखेरीस शिकारी मक्याचं कापलेलं शेत आणि झाडी यांमधल्या वाटेवर, तिन्हीसांजेला दबा धरून बसतो.