चौकाची भिंत आणि आमचं दुकान



आमच्या गटाचं दुकान सुरू होऊन आता दीड वर्ष झालं. दुकान म्हणजे काय, एसटी स्टँडच्या मागचा दहा बाय दहाचा गाळा. आत वारली चित्रांच्या फ्रेमा, कापडी तोरणं, बांबूच्या टोपल्या, गोधडीच्या टाक्याचे उशीचे अभ्रे. घर सजवायला जे जे लागतं आणि जे आमच्या बायकांच्या हाताला येतं, ते सगळं. पावसाळ्यात एका हॉटेलवाल्याचा माणूस आला. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि म्हणाला, हे चित्र असलेले दोनशे अभ्रे हवेत. फोटो लग्नचौकाचा होता.

आम्ही मनातल्या मनात हिशोब मांडायला लागलो होतो. पण कोपऱ्यात बसलेल्या आमच्या एक आजी एकदम म्हणाल्या, "पालघट उशीवर? आणि तिला टेकून माणसं बसणार?" त्या दिवशीची बैठक रात्री नऊपर्यंत चालली. भांडता भांडता कळलं, की जे चित्र आपण विकतो ते भिंतीवरून दुकानात आलं कसं, हेच आपल्यापैकी कुणी नीट विचारलं नव्हतं. म्हणून आजींना विचारलं, पुस्तकं चाळली, आणि जे हाती लागलं ते आज सांगतो आहोत.

आपल्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडच्या पट्ट्यात वारल्यांच्या घरी लग्न ठरलं की घराची भिंत सारवायची, गेरूने रंगवायची. तांदूळ भिजवून वाटायचे, आणि बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करून त्या पांढऱ्या पिठाने चौक काढायचा. काढायचा तो सवाशिणींनी. मधल्या चौकटीत पालघट देवी. धवलेरी बाई गाणी म्हणते, लग्न तीच लावते. चौकावाचून लग्न लागत नाही. म्हणजे ज्याला आज लोक कला म्हणतात, ते बायकांच्या हातचं लग्नातलं काम होतं. त्याला किंमत नव्हती, कारण ते विकायचं नव्हतंच.

पण लग्नाला मात्र किंमत होती, आणि ती फार जबर होती. वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्या बदल्यात त्याचा गडी व्हायचा. अशांना लग्नगडी म्हणत. नवरा राबायचा, बायकोही त्याच दारात राबायची, आणि कर्ज काही फिटायचं नाही. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या लोकांबरोबर वारली उभे राहिले, ते या वेठबिगारीच्या आणि लग्नगडीच्या विरुद्ध. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. गटाच्या वाचनालयात ते आहे, पानं सुटली आहेत, जपून वापरा. आम्हाला यातलं एक फार लागलं. ज्या लग्नासाठी आजीच्या आजीने भिंतीवर इतका सुंदर चौक काढला असेल, त्याच लग्नाने तिला गुलाम केलं असेल.

आता थोडं लांब, बिहारला जाऊ. तिथे मिथिलेच्या बायकाही लग्नाच्या खोलीच्या भिंतीवर चित्रं काढत. त्याला कोहबर म्हणतात. जानेवारी 1934 मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. घरांच्या भिंती पडल्या, आणि पडझड बघायला आलेल्या आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या खोल्यांमधली चित्रं दिसली. त्याने त्यांचे फोटो काढले, पुढे 1949 मध्ये त्यावर लेख लिहिला. बायकांच्या पदरात त्यातून काही पडलं नाही. ते पडलं दुष्काळात. 1966-67 मध्ये बिहार कोरडा पडला, तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी एका मराठी चित्रकाराला तिकडे पाठवलं. त्यांचं नाव भास्कर कुलकर्णी. ते कागद घेऊन गेले आणि बायकांना म्हणाले, भिंतीवर काढता तेच यावर काढा. रस्त्यावर खडी फोडण्याऐवजी चित्राचे पैसे मिळायला लागले.

हेच भास्कर कुलकर्णी पुढे 1970 नंतर आपल्याकडे वारली पाड्यांवर आले. इथेही कागद आला. पण इथे गोष्ट वेगळी झाली. मिथिलेत नाव झालं ते बायकांचं. जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवींना, मग गंगा देवींना. आपल्याकडे कागदावर नाव झालं ते पुरुषाचं, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. त्यांचा हात थोरच होता, त्यात वाद नाही. लग्न नसतानाही ते चित्रं काढत राहिले. शेत, मुंग्या, तारपा, मासे धरायचं मोठं जाळं, सगळं त्यांनी त्या पांढऱ्या रेषेत आणलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे आमच्या कितीतरी घरांत पैसा आला. पण आजी म्हणतात, "बाय, चौक आम्ही काढायचो आणि सही करायला शिकले ते बापे." हे त्या रागाने म्हणत नाहीत, हसून म्हणतात. आम्हाला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

आणि नाव झालं म्हणजे चित्र टिकतं असंही नाही. गंगा देवींनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात, कॅन्सरचे उपचार चालू असताना, एक अख्खी कोहबर खोली रंगवली होती. 2015 मध्ये दुरुस्तीच्या कामात ती पुसली गेली. एवढ्या मोठ्या बाईची भिंत!

वारली चित्राला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारखान्यात छापलेलं कापड वारली म्हणून विकू नये, असा त्याचा अर्थ. विकतात ते विकतातच, बाजारात फिरून बघा. पण एक गोष्ट आम्हालाही उशिरा कळली. मानांकन मिळालं म्हणजे आपल्या गटाला आपोआप मिळालं असं नसतं. चित्र काढणाऱ्या बाईला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. आमच्या सात जणींचे अर्ज तयार आहेत. दोघींच्या आधार कार्डावर माहेरचं नाव आहे, तिथे गाडी अडली आहे.

तर त्या ऑर्डरीचं काय झालं? बैठकीत ठराव केला, इतिवृत्तात लिहिला: पालघट आणि चौक विकायचा नाही. बाकी तारपा, भात लावणी, ताडाची झाडं, मोर, काय हवं ते देऊ. हॉटेलवाल्याने दोनशेऐवजी साठ अभ्रे घेतले, आणि तेही भाव पाडून मागितले. आम्ही त्याच्यासमोर कापड, रंग, भाडं आणि बाईचे दिवस असा कागद मांडला. दिवसाला रोहयोची मजुरी तरी धरलीच पाहिजे, कारण खड्डे खणायला गेली असती तरी तेवढी मिळाली असती. सुरुवातीचे सहा महिने आम्ही हे दिवस धरतच नव्हतो. माल खपायचा, हातात काही उरायचं नाही, आणि आम्ही म्हणायचो दुकान छान चाललंय. आता प्रत्येक वस्तूच्या मागे काढणारीचं नाव असतं आणि पावतीवरही असतं. त्या माणसाला नावं नको होती. आम्ही नावं ठेवली.

ठराव सगळ्यांना पटला असं मात्र नाही. आमची एक मैत्रीण अजून धुमसते आहे. एकशे चाळीस अभ्रे गेले म्हणजे तिच्या मुलाच्या लग्नाचे पैसे गेले, असं ती तोंडावर म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. गावातल्या एकाने तिला व्याजाने पैसे देऊ केले होते. गटाने त्याच महिन्यात तिला अंतर्गत कर्ज दिलं, हप्ता तिच्या दुकानातल्या कमाईतून कापायचा असं ठरलं. ती बोलते आमच्याशी, पण थोडं तुटक.

लग्न माघात आहे. चौक काढायला आजींनाच बोलावलंय. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून रेघा मारायला दोन पोरी बरोबर हव्यात असं त्यांनी सांगितलंय. तांदूळ वाटायला आम्ही जाणार आहोत. त्या दिवशी दुकान बंद राहील.