निकोबार : नाव देणारे आणि राहणारे

शाळेत भारताचा नकाशा काढताना आम्ही उजव्या कोपऱ्यात काही ठिपके देत असू. वरच्या ठिपक्यांना अर्थ होता. अंदमान म्हटले की मराठी मनाला सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात. त्यांच्याखालच्या ठिपक्यांविषयी मात्र आम्हांला नावापलीकडे काही ठाऊक नव्हते. आणि गंमत अशी, की निकोबारचा लिखित इतिहास हा बव्हंशी नावांचाच इतिहास आहे.

टेन डिग्री चॅनल नावाची सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी या बेटांना अंदमानपासून वेगळे करते. अकराव्या शतकात राजेंद्र चोळाच्या तंजावर येथील शिलालेखात त्यांचा उल्लेख 'नक्कवारम्' असा येतो. 1756 साली डॅनिश आले आणि त्यांनी आपल्या राजाच्या नावे ही 'फ्रेडरिक बेटे' ठरवली. 1778 मध्ये ऑस्ट्रियानेही येथे वसाहतीचा खटाटोप केला. पण हिवतापाने बहुतेकांना परतवले किंवा पुरले. अखेर 1868 मध्ये डेन्मार्कने आपले हक्क इंग्रजांना विकले. विक्री झाली ती हक्कांची. ज्यांच्या भूमीवरचे ते हक्क, त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही.

ते लोक मात्र तेथेच होते. नारळ, डुकरे आणि 'तुहेत' नावाची एकत्र कुटुंबांची व्यवस्था हा निकोबारींच्या जीवनाचा कणा. जमीन एकट्याची नव्हे, तुहेतची. ग्रेट निकोबारच्या अंतर्भागात शोंपेन राहतात, बाहेरच्यांपासून दूर. 1956 च्या आदिवासी संरक्षण विनियमाने या अंतराला कायद्याचे बळ दिले. 1974 साली निकोबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 36,842 होती.

26 डिसेंबर 2004 रोजी नकाशाच बदलला. दक्षिण टोकावरील इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरांहून अधिक खचली आणि दीपस्तंभाचा पाया समुद्रात गेला. किनाऱ्यावरील गावे वाहून गेली. ग्रेट निकोबारचे वाचलेले निकोबारी कॅम्पबेल बे परिसरातील वसाहतींत आणले गेले. आपल्या जुन्या गावी परतण्याची त्यांची मागणी पुढेही कायम राहिली.

त्याच बेटावर गॅलाथिया नावाचा उपसागर आहे. 1846 मध्ये येथे आलेल्या डॅनिश जहाजाचे हे नाव. त्याच्या वाळूत महाकाय लेदरबॅक कासवे अंडी घालतात. नोव्हेंबर 2022 मध्ये येथील बंदर, विमानतळ आणि नगर यांच्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्याच महिन्यात तेथील आदिवासी परिषदेने आधी दिलेली संमती मागे घेतली.

विकास नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु येथे आजवर जे आले त्यांनी प्रथम नाव दिले आणि राहणाऱ्यांना नंतर विचारले, किंवा विचारलेच नाही. हा क्रम उलटता आला, तरच निकोबारच्या इतिहासातून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.