मोटारगाडीतील वातानुकूलन : दुरुस्तीचा इतिहास

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या नमुन्याच्या गाड्यांत वातानुकूलन यंत्रणा बसवून दिली. संपीडकाला क्लच नसल्याने ती बंद करण्यासाठी एंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. पुढे विद्युत् चुंबकीय क्लचमुळे ही अडचण दूर झाली. गळती मात्र राहिली. घरगुती रेफ्रिजरेटरचा संपीडक पूर्ण बंदिस्त असतो. मोटारगाडीत तो एंजिनाच्या पट्ट्यावर चालत असल्याने त्याचा दंड बाहेर काढावा लागतो आणि लवचिक नळ्या वापराव्या लागतात. सील व नळ्यांतून प्रशीतक वायू हळूहळू निसटतो. हवा थंड येईनाशी झाल्यास दाबमापके जोडतात; दोन्ही बाजूंचे दाब कमी आढळल्यास गळतीचा संशय घेतात. पूर्वी पुष्कळदा गळती न शोधताच फ्रिऑन–१२ भरीत व दुरुस्तीपूर्वी उरलेला वायू हवेत सोडीत. अशा संयुगांमुळे ओझोन स्तराचा ऱ्हास होतो, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये प्रतिपादिले. माँट्रिऑल करार (१९८७) झाल्यावर अमेरिकेत १९९२ पासून असा वायू जाणूनबुजून सोडण्यास बंदी आली. त्याजागी आलेला आर–१३४ए ओझोनास निरुपद्रवी असला, तरी त्याची तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या हजारपटींहून अधिक आहे. त्यामुळे वायू भरण्यापूर्वी गळती शोधणे, हे दुरुस्तीचे मुख्य अंग ठरले.